आधी कोणाची काठी सुटते

१६ जुलै १९८५, मंगळवार

डाव्या खुब्याचा खर्च आत्ताच लिहून ठेवतो. नंतर लोक वाढवून सांगतात — त्यात मी पहिला! सांधा इंग्लंडचा, सात हजार. मुंबईहून दर रविवारी येणाऱ्या डॉक्टर सोहोनींची फी, खोली, रक्त, औषधं मिळून साडेसहा. एवढ्यात विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या चार नव्या मोटारी आल्या असत्या, स्टार्टरसकट.

पण ही खरी किंमत नव्हे. खरी किंमत डॉक्टरांनी परवा, टेबलावर घ्यायच्या आधी सांगितली — तीही हसत हसत. "पुंजाराम, आता जन्मभर मांडी नाही. उकिडवं बसणं नाही. खाली बसायचंच नाही. गुडघा कमरेच्या वर गेला की सांधा निसटला समजा."

म्हणजे गेली ती मांडी. पस्तीस वर्षं नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या वर्कशॉपात गोणपाटावर बसून, जळालेल्या मोटारी पायांत धरून नवी तार भरली. देवळाली कँपात काम शिकलो तेही खाली बसूनच. ते गोणपाट म्हणजे माझी गादी. आता आमच्या चिरंजीवांनी, यादवने, गल्ल्यामागे फिरती खुर्ची आणून ठेवलीय म्हणे. रेक्झिनची! त्यात मला बसवायचं आणि वरून हार घालायचा, एवढंच बाकी.

ठरवलं. दिवाळीच्या आत गोणपाटावर बसून दाखवीन. डॉक्टरांना सांधा माहीत, पुंजारामचं हाड कुठे माहीत!

१७ जुलै

दोन पायांच्या मध्ये तिकोनी उशी बांधलीय. कुशीला वळायचं नाही. वर पंखा. त्याचं बेअरिंग गेलंय. रूथ सिस्टरला सांगितलं. म्हणाली, "पंख्याकडे बघू नका, पडून राहा."

बघतंय कोण? ऐकतोय!

१९ जुलै

खोलीत दुसरा पेशंट लहानू. सुरगाण्याकडचा. आंब्याच्या झाडावरून पडला, खुबा मोडला. त्याला नुसता अर्धा सांधा बसवलाय — वाटी त्याची स्वतःचीच, गोळा तेवढा नवा. दिवसभरात तीन शब्द बोलतो. "पाणी", "नको", "लावणी". गावाकडे भाताची लावणी चाललीय, जीव तिकडे.

समोर बायकांची खोली. तिथे मखमलाबादच्या लंकाबाई. खुब्याचीच पेशंट, रविवारी माझ्याच दिवशी झालं. सकाळी आधी तिला आत नेलं, मग मला. बाहेर बसलेल्या चांगुणाने — आमच्या सौभाग्यवतींनी — घड्याळ लावून पाहिलं. लंकाबाईंना साडेचार तास. मला सव्वादोन!

रूथ सिस्टरला म्हटलं, "बघा. हाडाची प्रत असते."

तिने थर्मामीटर तोंडात घातला. तापबीप नव्हता, तोंड बंद करायची युक्ती.

२१ जुलै, रविवार

उभा राहिलो! वॉकर धरून सहा पावलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण पडलो नाही. डॉक्टर म्हणाले, "शाबास." लहानू आधीच व्हरांड्याच्या टोकाला जाऊन परत आला होता. त्याला कोणी शाबास म्हटलं नाही, कारण तो न विचारताच गेला होता.

२३ जुलै

आज कानाची परीक्षा झाली. व्हरांड्यात व्यायामाला पाच-सहा पेशंट चालतात. मी खाटेवर, मध्ये पडदा. रूथ सिस्टरला म्हटलं, "नुसत्या आवाजावरून कोणाचा कोणता पाय ते सांगतो." ठक — सर्र — थप्. "उजवा." बरोबर! दुसरा. "डावा, पण दुखणं गुडघ्याचं आहे." बरोबर! ती खुर्चीच ओढून बसली. तिला सांगितलं, मोटारीच्या बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. माणूस त्याहून सोपा. दुखरा पाय जमिनीला चोरून शिवतो, बरा पाय सावकारासारखा आपटतो.

मग लंकाबाई चालली. ऐकलं. पुन्हा ऐकलं. दोन्ही पावलं सारखी! हळू, फार हळू, पण सारखी. चोरटा पाय कोणता तेच लागेना.

सिस्टर म्हणाली, "सांगा की."

म्हटलं, "बाईचा पाय जवळजवळ बरा झालाय. नुसती घाबरते."

सिस्टर काहीतरी बोलणार होती, मी हात वर केला. कानाने ओळखायचं म्हटल्यावर विचारायचं नसतं. विचारून काय, कोणीही सांगेल.

२५ जुलै

लंकाबाईची गाठ पडली. दोघं वॉकर धरून समोरासमोर, जशा दोन बैलगाड्या अरुंद वाटेवर. बाई पन्नाशीची, काळी, काटक, कपाळावर आडवं गोंदण.

"ते मोटारवाले मिस्तरी तुम्हीच का?"

"कशावरून ओळखलंत?"

"आवाजावरून! भिंत मधी हाये म्हून बरं. दिसभर नुसतं मी-मी-मी चालू हाये तुमचं."

असं तोंड असलेलं माणूस मला आवडतं. बोलत उभे राहिलो. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या भाजीबाजारात तिची जागा आहे, सासूपासूनची. दोन गोण्या मावतील एवढीच. सध्या जाव बसते तिथे. "तात्पुरती म्हन्ती. तात्पुरतं बसल्यालं मानूस कधी उठलंय का, मिस्तरी? दसऱ्यापत्तुर मी नाय बसले तर जागा गेली समजा. अन् डाक्टर म्हनतो खाली बसू नको. भाजी काय झाडावर बसून इकू?"

माझं गोणपाट, तिची गोणी. एकच दुखणं!

वर धोंड्याचा महिना. जावई जेवायला यायचा तर सासू इथे उशी बांधून पडलेली. ते ती हसत सांगत होती, पण वॉकर घट्ट धरला होता.

म्हटलं, "पैज लावता? ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, काठी न घेता. आधी जो चालेल तो जिंकला."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. विशेषतः खाली. मग म्हणाली, "तुमची लय हौस दिसती. लावा. तुम्ही हरला तर मला बसायला उंच लोखंडी घडवंची करून द्यायची. फुकट."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"दर बुधवारी तुमच्या घरी भाजी पोच. सा महिने."

मागे चांगुणा उभी होती. पदर तोंडाला लावून हसली. का हसली ते सांगितलं नाही. पस्तीस वर्षांत तिचं एक हसू माझ्या कानाला उलगडलेलं नाही.

२८ जुलै, रविवार

लहानू गेला! काल टाके काढले, आज पिशवी घेऊन तयार. डॉक्टर म्हणाले, "अरे, आठ दिवस अजून." तो म्हणाला, "लावणी हाय." एवढं बोलून काठी टेकत एसटी स्टँडकडे. मी तीन पूर्ण वाक्यं त्याला उपदेश केला. त्याने एकच दिलं — "दादा, पाय चालतो, तोंड नाय चालत."

डॉक्टरांना विचारलं, हे कसं? म्हणाले, "काही सांगता येत नाही. सांधे कंपनीचे सारखे असतात, पेशंट सारखे नसतात." वाक्य चांगलं आहे. मी वर्कशॉपात वापरीन.

४ ऑगस्ट, रविवार

सुटी मिळाली! एकवीस दिवसांत घरी. लंकाबाईला अजून दोन आठवडे ठेवणार. निघताना तिच्या दारात वॉकर वाजवला मुद्दाम. आतून आवाज — "जा जा, मिस्तरी! ससा बी आधी पळालता."

रूथ सिस्टरला म्हटलं, "तिची भीती काढा. पाय काही वाईट नाही."

सिस्टर म्हणाली, "पुंजाराम, त्यांचं वेगळं आहे. तुलना करू नका."

हरणाऱ्याच्या बाजूचे लोक नेहमी हेच म्हणतात.

६ ऑगस्ट

घरी आल्या आल्या चांगुणाला म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर आण, खुब्यावर टेकव, मूठ कानाला लाव, काय ऐकू येतं सांग. तिने लावली. बराच वेळ ऐकलं.

"काय?"

"म्हणतोय, चहा मिळणार नाही."

११ ऑगस्ट, रविवार

आज भरपूर हसलो. टाका तुटायचा, पण टाके निघालेत.

संडासाला खाली बसायचं नाही, म्हणून यादवने लाकडी खुर्ची घेऊन मध्ये गोल भोक पाडून दिलंय. खाली भांडं. दिवसा चांगुणा वर उशी टाकते, म्हणजे शोभा जात नाही. आज रंगनाथ भेटायला आला. तोच तो, पंचवटीतला, माझ्याआधी दोन वर्षं दुकान टाकून अजून माझ्या मागे असलेला मोटारवाला. केळी घेऊन आला. चार.

"बसा की, शेठ," म्हटलं. "खास पाहुण्यांची खुर्ची आहे."

बसला! अर्धा तास ऐसपैस. म्हणाला, "आरामशीर आहे हो. कुठून घेतली?" चांगुणा चहा घेऊन येत होती ती दारातूनच परत फिरली. मी उत्तर दिलं, "घरीच बनवली. रोज वापरतो."

मला त्याची ती जुनी गोष्ट आठवली. वणीच्या बागाईतदाराची मोटार. रंगनाथने कान लावला, म्हणाला, "आवाज एकसारखा आहे, मोटार ठणठणीत." दिली परत. तिसऱ्या दिवशी जळाली. माझ्याकडे आली तर उघडून बघतो — दोन्ही बाजूंची बेअरिंगं सारखीच झिजलेली! एक गेलं तर मोटार खडखडते. दोन्ही गेली तर साळसूद होते. ही गोष्ट मी नाशिक जिल्ह्यात वीस वर्षं सांगतोय. आजही सांगितली. तो बिचारा त्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

२८ ऑगस्ट, बुधवार

बुधवारी व्यायामाला दवाखान्यात जावं लागतं. मी आता एका काठीवर. लंकाबाई आली — मुलाच्या सायकलवरून उतरून — दोन काठ्यांवर!

म्हटलं, "बाई, हे काय? दोन काठ्या?"

"एक पडली तर दुसरी असावी. तुमच्यावानी मी श्रीमंत नाय, जोखीम घ्यायला."

चाल ऐकली. दोन्ही पावलं सारखी. आता तर जरा भराभर. मनात धसका बसला. हिने भीती टाकली की गेलो मी. उद्यापासून जिन्यावर दोनदा जास्त चढणार.

११ सप्टेंबर, बुधवार

जिंकलो!

त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत. एकवीस फरश्या. काठी रूथ सिस्टरच्या हातात. मधल्या फरशीवर डावा पाय थोडा लटपटला, पण मी खाकरलो, म्हणजे लोकांचं लक्ष तोंडाकडे गेलं. लंकाबाई बाकावर बसून बघत होती. टाळी तिनेच आधी वाजवली.

"जितला, मिस्तरी. मानलं."

म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. प्रत्येकाचं हाड असतं."

"व्हय. प्रत्येकाची असत्यात," ती म्हणाली.

१२ सप्टेंबर

द्वारका ते पंचवटी सगळ्यांना सांगून झालं. रंगनाथला पोस्टकार्ड टाकलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

भाजी नाही आली.

लंकाबाईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "हरले तर हरले, भाजी देनार. पन देऊ कुठून? जागेवर जाव बसलीय. मी बसले तर भाजी. अन् बसायला उंच घडवंची पायजे. ती तर तुम्ही जितल्यामुळं मिळनार नाय."

मी विचार केला. पुन्हा विचार केला. जिंकलेली भाजी खायची तर हरल्याची घडवंची करून द्यावी लागणार! आयुष्यात माझ्याशी असा सौदा कोणी केला नव्हता. सिन्नरच्या व्यापाऱ्यांनीसुद्धा नाही.

म्हटलं, "पैज म्हणजे पैज."

घरी येऊन चांगुणाने रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "तिची जागा जातीय. तुम्हाला फरशा मोजायच्यात."

जेवण गेलं नाही. पण घडवंची का करू? उंच बसणं मला पटतच नाही. मी करणार नाही, बसणार नाही, दुसऱ्याला बसवणार नाही. उंच बसला तो कामातून गेला.

२२ सप्टेंबर, रविवार

लिहू की नको? लिहितो. वही माझी आहे.

आज वर्कशॉप बंद. यादव सासुरवाडीला. चांगुणाला म्हटलं, जरा किल्ली घेऊन जाऊन येतो. आत गेलो, शटर अर्धं ओढलं. गोणपाट तिथेच होतं. भिंतीला धरलं, डावा पाय पुढे ताठ ठेवला — मांडी नाही, डॉक्टरांचं एवढं ऐकलं — आणि हळूहळू उतरलो. बसलो! दहा आठवड्यांनी! हातात पक्कड घेतली. जुना वास, वॉर्निशचा. डोळे भरले, खोटं कशाला.

मग उठायला गेलो.

उजव्या पायावर जोर घेतला तर डावा आखडला. डाव्याला दुमडू तर आत बारीक 'कट्' झालं. माझ्या कानांना 'कट्' म्हणजे काय ते कळतं. घाम फुटला. सांधा निसटला तर साडेतेरा हजार पाण्यात, पुन्हा उशी, पुन्हा पंखा — आणि लंकाबाई बघणार! हलायचंच सोडलं. बसून राहिलो. गादीवर बसलेला राजा, उतरता येत नाही.

तासाभराने शटरखालून चप्पल दिसली. तो चालण्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. रंगनाथ!

"पुंजाराम? पोस्टकार्ड मिळालं. म्हटलं अभिनंदन करावं."

"या या," म्हटलं. "कामात आहे जरा."

समोर मोटार नव्हती. तार नव्हती. हातात नुसती पक्कड. रंगनाथने पाहिलं, आणि यादवची रेक्झिनची खुर्ची ओढून बसला. पाऊण तास! द्राक्षाच्या बागा, तांब्याचा भाव, त्याच्या नातवाचं बारसं. अधूनमधून, "तुम्ही उठायचं असेल तर उठा हं." मी, "छे छे, बरं वाटतंय."

शेवटी तोच म्हणाला, "पुंजाराम, ती तुमच्याकडची खुर्ची कसली होती ते मला त्याच दिवशी कळलं होतं. यादवने सांगितलं. चला, हात द्या."

काखेत हात घालून त्याने उचललं. दमदार आहे अजून. पाय ठीक. सांधा जागेवर. जाताना म्हणाला, "जिल्ह्यात सांगत नाही. तुम्ही मोटारीची गोष्ट सांगायची बंद केलीत तर."

बंद केली.

२४ सप्टेंबर

दोन घडवंच्या. दीड इंची अँगल, बावीस इंच उंच, वर सागाची जुनी फळी. वेल्डिंग यादवने केलं, मापं मी दिली. एक माझ्या जागेवर ठेवली, समोर तेवढंच उंच कामाचं टेबल. गोणपाट फळीवर अंथरलं. बसलो. पाय मोकळे, मान ताठ, मोटार डोळ्यांसमोर. पस्तीस वर्षं मी वाकून काय करत होतो कोण जाणे.  यादवने रेक्झिनची खुर्ची हळूच आतल्या खोलीत नेली.

दुसरी घडवंची टेम्पोत टाकून मखमलाबादला पाठवली. सोबत चिठ्ठी — "जिंकणाऱ्याकडून."

२ ऑक्टोबर

लंकाबाई आज काठी न घेता चालली. माझ्या नंतर एकवीस दिवसांनी. एकवीस फरश्या, एकवीस दिवस! हे भाषणात घालण्यासारखं आहे. भाषण म्हणजे — डॉक्टरांनी खुब्याच्या जुन्या-नव्या पेशंटना वीस तारखेला चहाला बोलावलंय. कोणाला कसं बरं वाटलं ते एकमेकांना सांगायचं. मला बोलायला सांगितलंय. आणखी कोणाला सांगणार?

९ ऑक्टोबर, बुधवार

मुद्दाम बाजारात गेलो. गंगेवर ही गर्दी! लांबूनच लंकाबाई दिसली, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. घडवंचीवर बसलेली, पुढे दोन खोक्यांवर मेथी, गवार, वांगी. शेजारी तिची जाव उभी, तोंड कारल्यासारखं.

"उंच बसली म्हंजी तू काय तहसीलदार झाली का गं?"

"तहसीलदार नाय. पन आता समद्यास्नी मी आधी दिसते."

खरंच! म्हाताऱ्या बायका तिच्याकडेच येत होत्या. वाकायला नको, उकिडवं बसायला नको. उभ्या उभ्या जुडी उलटसुलट करून बघता येते. दहा वाजेपर्यंत मेथी संपली. जाव जरा वेळ थांबली, मग आपली टोपली उचलून पुलाकडे गेली.

लंकाबाईने पिशवी भरून दिली. "ही पैजेची. अन् ही वरची," म्हणून चार लिंबं टाकली.

"वरची कशाबद्दल?"

"बढाई पचायला."

मी हसत हसत घरी. जागा वाचली बाईची. माझीही.

२० ऑक्टोबर, रविवार

भाषण जोरदार झालं! सतरा पेशंट, घरची माणसं धरून पन्नास. आधी एक मास्तर बोलले — त्यांना वर्ष झालं तरी पावसाळ्यात ठणका लागतो. मग एक बाई रडली. लहानू आला नाही. निरोप आला की कापणी आहे.

मग मी. डॉक्टरांचं वाक्य घेतलं, सांधे सारखे, पेशंट सारखे नसतात. कानाने पाय ओळखण्याचं सांगितलं. आणि मग म्हटलं — "ह्या लंकाबाई. माझ्याच दिवशी ऑपरेशन, माझेच डॉक्टर, माझाच सांधा. पण टेबलावर मला सव्वादोन तास, ह्यांना साडेचार. घरी मी आधी. काठी माझी आधी सुटली, पुरे एकवीस दिवस! फरक कशाचा? मनाचा! बाईंनी मनातली भीती काढायला वेळ लावला."

काय हशा पिकला! डॉक्टर टेबलावर हात आपटून हसत होते. रूथ सिस्टरने रुमाल काढला. लंकाबाई तर एवढी हसली की बाकाला धरावं लागलं. चांगुणाही. शेवटी लंकाबाईच ओरडली, "मिस्तरी, अजून एकदा सांगा ते मनाचं!"

सांगितलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ऑपरेशननंतरच्या एक्स-रेची फिल्म आणायला गेलो. खिडकीवरची बाई म्हणाली, मखमलाबादच्या बाईंचीही घेऊन जा, बुधवारी बाजारात द्या. दोन्ही पाकिटं घेतली. बाहेर उन्हात उघडून पाहिली.

घरी येऊन चांगुणाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. तुम्ही विचारलंत कुठे?"

माझ्या फिल्ममध्ये डाव्या बाजूला सांधा आहे. लंकाबाईच्या फिल्ममध्ये डाव्या बाजूला एक आहे आणि उजव्या बाजूला एक आहे. तारीख दोन्हींवर तीच, १४ जुलै.